हिरवी चौकट

१

लग्नाच्या दिवशी सकाळी देवश्री कॅमेऱ्याशी गप्पा मारते, असं देवासमध्ये तिच्या ओळखीचे लोक चेष्टेने म्हणायचे. खरं तर ती बोलायची स्वतःशीच, हात तेवढे कॅमेऱ्यावर असायचे. चहाचा कप बाजूला ठेवायचा, मेनू उघडायचा, आणि आज मांडव कुठला, उजेड कुठून येणार, नवरी लाजरी की बोलकी, याचा विचार करत एकेक सेटिंग लावायचं. हार घालताना माणसं डुलतात, मागेपुढे होतात, तेव्हा माणसाच्या मागे पळणारा ऑटोफोकस. होमाच्या धुरात कॅमेऱ्याची मती गुंग होते, तिथे एकच बिंदू, तोही आपल्या हाताने ठेवलेला. बाकी सगळीकडे डोळे. नवा कॅमेरा आल्यापासून ती त्याच्या या एका गुणावर लट्टू होती. समोर माणूस आला की कॅमेरा आपणहून त्याचा डोळा शोधायचा, त्यावर छोटी हिरवी चौकट बसवायचा, आणि मग माणूस हसो, वळो, पळो, चौकट काही डोळा सोडायची नाही.

"नाक शार्प येऊन कोणाचं भलं झालंय?" देवश्री म्हणायची. "फोटो म्हणजे डोळे."

हे बोलणं तिला शोभायचं, कारण तिच्या फोटोतली माणसं खरोखर बघायची. देवास, इंदूर, धार इथल्या मराठी घरांमध्ये तिचं नाव निघायचं ते याच कारणाने. हात गोड होता पोरीचा, आणि तिला ते ठाऊकही होतं.

धारच्या या लग्नाचं बोलावणं मात्र वेगळं होतं. फोन खुद्द नवरीचा होता. कृतिका तिचं नाव, सोनकच्छच्या शाळेत शिकवायची. शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं, त्यामुळे मराठी बोलताना दर दोन शब्दांनी अडखळायची आणि अडखळली की स्वतःच हसायची.

"दीदी, मेरेको बडा अल्बम नहीं चाहिए. एकच फोटो द्या. असा की बघनेवाला सगळ्यात आधी माझे डोळे बघेल."

"एवढंच?"

"एवढंच बहुत आहे, दीदी." मग ती जरा थांबली. "ह्यांची पहिली पत्नी गेली ना, वैभवीताई. घरात हर भिंतीवर त्या आहेत. असू देत, माझी शिकायत नाही. त्या होत्याच तशा, सगळे सांगतात. बस, एक भिंत माझी पण हवी."

किती सरळ बोलली पोरगी! ना रडगाणं, ना हेवा. देवश्रीला ती न पाहताच आवडून गेली.

"तुझेच डोळे येतील," ती म्हणाली. "शब्द देते."

२

लग्न बिजवराचं, म्हणून बेताचंच होतं. सोनकच्छची मंडळी आदल्या दिवशीच धारला येऊन नवऱ्याच्या घरी उतरली होती. सकाळचे विधी घरी, दुपारचा मुहूर्त जवळच्या मांगलिक भवनात, आणि दिवेलागणीला गृहप्रवेश, असा आखलेला दिवस.

घर होतं कॉलनीतलं, दुमजली, स्वच्छ. पूर्वज दरबारी मानकरी होते, आता मुलगा हर्षित बँकेत होता. जुन्यापैकी उरली होती ती बोलण्यातली अदब. आईला घरात सगळे आईसाहेब म्हणत. आईसाहेब म्हणजे सुमंगलाबाई, हसतमुख आणि गोऱ्यापान. त्यांनी देवश्रीला आणि व्हिडिओवाल्या विक्रमसिंहला आधी पोहे-जलेबी खायला बसवलं आणि मगच घर दाखवलं.

भिंती खरोखरच भरलेल्या होत्या. वैभवी झाडाखाली, वैभवी किल्ल्यावर, वैभवी तान्ह्या चिऊला घेऊन. सुंदर तर होतीच, पण नजर तिच्या डोळ्यांवरच ठरायची.

"सून नव्हती, लक्ष्मी होती," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आमच्या घरची जुनी बोली माझ्यापेक्षा चांगली बोलायची. तापाचं निमित्त झालं आणि गेली. जाताना चिऊचा हात सोडवत नव्हता तिला, आम्हालाच सोडवावा लागला."

विक्रमसिंह देवश्रीच्या कानाशी लागला. "दीदी, अपन किसकी शादी में आए हैं?"

"गप रे भिया," देवश्री कुजबुजली. पण मनात तिच्याही तेच आलं होतं.

कृतिका खिडकीशी बसली होती. सावळी, तरतरीत, भुवयांमध्ये हसू. पिवळी साडी तिला इतकी खुलत होती की देवश्रीच्या तोंडून "वा!" निघून गेलं. खिडकीतून मार्गशीर्षातलं मऊ ऊन येत होतं. असला उजेड फोटोवाल्याला वर्षातून क्वचितच भेटतो.

शेजारी ताम्हनात चांदीचा टाक ठेवला होता. पहिली बायको गेली की तिच्या नावाचा असा टाक करतात, आणि दुसरीने तो गळ्यात घालायचा. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर सोनाराने ठोकलेली बाई. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, तोंडाच्या जागी रेघ.

"ह्याची रीत आहे हं," सुमंगलाबाईंनी सांगितलं. "लग्न लागलं की आधी देवघरात टाकाची ओटी भरायची. म्हणायचं, बाई, तुझ्या घरात येते, तुझं लेकरू सांभाळते, मला जागा दे. आणि मगच घालायचा. न विचारता नाही."

देवश्रीचं लक्ष होतं उन्हाकडे. फोटोवाल्याचं तिथेच असतं. "आईसाहेब, टाक घालून आत्ताच एक फोटो घेऊ? संध्याकाळी हा उजेड नसेल."

सुमंगलाबाई घुटमळल्या. "रीत नाही गं तशी." मग भिंतीकडे बघून स्वतःच हसल्या. "पण फोटोपुरतंच ना? घाल बाई. वैभवी काही तसल्या मनाची नव्हती."

काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक त्यांनी कृतिकाच्या गळ्यात बांधला. फोटो झाल्यावर सोडायला गेल्या, तर गाठ अशी घट्ट बसली की नखांनीही निघेना. दोरा कापणं अशुभ. "राहू दे. दुपारनंतर घालायचाच आहे," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

३

पहिल्याच फोटोला हिरवी चौकट टाकावर बसली होती.

देवश्रीला त्याचं काही वाटलं नाही. दोन टिंबं आणि एक रेघ दिसली की कॅमेऱ्याला चेहरा वाटतो. विक्रमसिंहने तर एकदा पाहुण्यांऐवजी पाण्याच्या रंगवलेल्या माठाचं आख्खं शूटिंग करून ठेवलं होतं. तिने कॅमेरा थोडा वर उचलला. चौकट टाकावरच. टाक दृश्याबाहेर गेला, तेव्हा हिरवी चौकट विझली. कृतिकाचा चेहरा समोर, ऊन गालावर, डोळे टपोरे उघडे, आणि कॅमेरा म्हणत होता की इथे कोणी नाही.

"दीदी, काही गडबड?"

"गडबड कसली? तू इतकी छान दिसतेस की बिचारा बावचळलाय."

कृतिका खळखळून हसली. ते हसू टिपायला हवं होतं. देवश्रीने झटकन एका बिंदूचं सेटिंग लावलं, बिंदू तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि फोटो घेतला. चांगला आला. पण दुपारी अंतरपाट खाली येईल तेव्हा बिंदू हलवायला सवड नसते. तिथे हिरवी चौकटच हवी.

कॅमेऱ्यात एक सोय होती. एखाद्याचा चेहरा त्याला ओळखून ठेवायला सांगायचा, म्हणजे गर्दीतही तो आधी त्यालाच धरतो. देवश्रीने कृतिकाला सरळ बघायला सांगितलं. पडद्यावर उमटलं, चेहरा सापडला नाही. पुन्हा तेच. खिडकीचा पडदा बाजूला सारून उजेड वाढवला, नथ काढायला लावली, बट मागे घेतली. सापडला नाही. सुमंगलाबाईंचा चेहरा त्याने लगेच घेतला. दारातून डोकावणाऱ्या चिऊचा तर ती तोंड फिरवून पळत असतानाही घेतला.

चिऊ सहा-सात वर्षांची असेल. सकाळपासून ती नव्या आईच्या जवळ फिरकली नव्हती. कृतिकाने तिला एकदाही ओढून घेतलं नाही, की चॉकलेटची लालूच दाखवली नाही. "वो जब आएगी तब आएगी," ती म्हणाली. "माझ्या वर्गात पण असे बच्चे असतात. थांबायचं असतं." देवश्रीला वाटलं, या मुलीला ओळखत नाही तो कॅमेरा फुटका.

चहा पिताना ती सकाळचे फोटो चाळत होती. एका फोटोवर कोपऱ्यात खूण होती. कोणी डोळे मिटले असतील तर कॅमेरा ती खूण करतो. कृतिकाचे डोळे तर उघडे होते. तिने फोटो मोठा करून खाली सरकवला. टाकावर टिंबं नव्हती. त्यांच्या जागी दोन बारीक आडव्या रेघा होत्या.

पुढच्या फोटोत टिंबं होती.

चांदीवर उजेड तिरका पडला की असं होतं, तिने स्वतःला सांगितलं. चकाकी असते, सावली असते. तिचं सांगणं बरोबर होतं. तरीही राहिलेला चहा तिने कुंडीत ओतला आणि खाली जाऊन चारचौघांत बसली.

४

मांगलिक भवनात स्पीकरवर सनई लागली होती आणि अक्षता वाटल्या जात होत्या. कृतिका लाल काठाच्या पांढऱ्या साडीत आली आणि सगळा हॉल वळून बघू लागला. चालणं इतकं निर्भय, की जणू परीक्षा घ्यायला निघालेल्या बाई. पाटावर उभं राहण्यापूर्वी तिने गर्दीत देवश्रीला शोधलं आणि दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली. लक्षात आहे ना? देवश्रीने मान डोलावली.

भटजींनी अंतरपाट धरला. हर्षितच्या खांद्यामागे उभी राहून देवश्रीने कॅमेरा डोळ्याला लावला. इकडून नवरी मुळीच दिसत नव्हती. समोर नुसतं पांढरं कापड आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. मंगलाष्टकं सुरू झाली.

हिरवी चौकट कापडावर उजळली.

तिथे काही नव्हतं. कोरं कापड होतं, आणि त्यामागे साधारण कृतिकाचा गळा असावा. कुंकवाचा शिंतोडा असेल, तिने मनाशी म्हटलं आणि नीट पाहिलं. शिंतोडाही नव्हता. तिने कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. चौकट होती तिथेच आली.

दुसऱ्या मंगलाष्टकाला ती हलली. अगदी सावकाश वर सरकायला लागली. कापड हलत नव्हतं, भटजींचे हात स्थिर होते, आणि चौकट गळ्यापासून हनुवटीपर्यंत, हनुवटीपासून ओठांपर्यंत चढत होती. देवश्रीने कॅमेरा खाली घेऊन पाहिलं, समोर नुसतं कापड होतं. कुणाला सांगायचं आणि काय? की हिरवी चौकट कापडावर चढतेय? "शुभ मंगल सावधान" म्हणून लोक अक्षता टाकत होते, कोणाची तरी आत्या डोळे पुसत होती. चौकट डोळ्यांच्या उंचीला आली आणि थांबली.

ताशा वाजला. अंतरपाट खाली आला. आणि चौकट कृतिकाच्या डाव्या डोळ्यावर चपखल बसलेली होती.

देवश्रीने बटण दाबलं, दाबतच राहिली. कृतिकाने पापण्या उचलल्या, हर्षितकडे पाहिलं, मान किंचित कलती केली, हार वर नेला, आणि चौकट केसभरही ढळली नाही. हर्षितचे हात हारासकट अधांतरी राहिले. चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि मग तो असा हसला की त्याच्या आईने तोंडाला पदर लावला. वैभवी गेल्यापासून दोन वर्षांत तो तसा हसला नव्हता, हे देवश्रीला नंतर दोघांतिघांनी सांगितलं.

"देखा?" सकाळी कॅमेऱ्याची तक्रार ऐकलेला विक्रमसिंह म्हणाला. "आपोआप ठीक हो गया."

देवश्रीने पडद्यावर फोटो उघडला. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर फोटो होता. त्या डोळ्यांवरून नजर निघत नव्हती. ती इतकी खूश झाली की भीती कुठल्या कुठे पळाली.

५

जेवणाच्या पंगतीत नव्या सुनेचं कौतुक मावत नव्हतं. दाल-बाफल्यांवर तूप वाढावं तर तिनेच. मोठ्यांच्या पाया पडावं तर तिनेच, आणि तेही मानाने कोण आधी, कोण नंतर, हे कोणी न सांगता.

"आईसाहेब, आपण बसावं," ती म्हणाली. "सकाळपासून उभ्या आहात. मी पाहते इकडचं."

एकही शब्द अडखळला नाही. सुमंगलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "गुणाची गं पोर," त्या शेजारणीला म्हणाल्या. "अगदी..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

मग सगळ्यांच्या देखत चिऊ आली. धावत आली आणि कृतिकाच्या मांडीत शिरली. कृतिकाने तिची सुटलेली वेणी न बघता, बोलता बोलता घातली, आणि चिऊने डोळे मिटून डोकं तिच्या कुशीत ठेवलं. बायकांनी कडाकडा बोटं मोडली. देवश्रीलाही गलबलून आलं. इतकं मऊ दृश्य तिने कुठल्याच लग्नात टिपलं नव्हतं.

हात धुवायच्या जागी कृतिका एकटी सापडली तेव्हा देवश्रीने कौतुकाने कॅमेरा पुढे केला. "बघ, आला की नाही? ही तुझी भिंत."

कृतिकाने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"फारच सुरेख," ती अदबीने म्हणाली. "पण कसली भिंत, ताई?"

सकाळपासून ती दीदी म्हणत होती. देवश्रीने कॅमेरा मागे घेतला. लग्नाची धांदल असते, माणूस बोललेलं विसरतो, एवढंच असेल. तिने हात पुसले. ते पुसून झाल्यावरही ती बराच वेळ पुसत राहिली.

६

दिवेलागणीला माप ओलांडून झालं. सुमंगलाबाई सुपात नारळ, खण आणि तांदूळ घेऊन देवघरात आल्या.

"ये बाळ. आता टाकाची ओटी भर. सकाळी राहिलंय, विचारून घे."

"राहू द्या, आईसाहेब," कृतिका हसून म्हणाली. "आता काय विचारायचं?"

तिने इतक्या गोडीने म्हटलं की सुमंगलाबाईही हसल्या, आणि सूप देवापुढे ठेवून चहाचं बघायला गेल्या. हर्षित पाहुण्यांना निरोप द्यायला फाटकाशी होता. विक्रमसिंह वायरी गुंडाळत होता. देवघरात समईच्या उजेडात कृतिका चिऊला मांडीवर घेऊन बसली होती, आणि समोर देवश्री.

"एक शेवटचा काढावा, ताई. आम्हा दोघींचा."

आम्हा दोघींचा. देवश्रीने कॅमेरा उचलला. हिरवी चौकट लगेच त्या डोळ्यावर गेली. इतक्या मंद उजेडात कॅमेऱ्याने कधी इतकं अचूक धरलं नव्हतं. मग तिला आणखी चौकटी दिसल्या. समोर एकाहून जास्त चेहरे असले की कॅमेरा एकाला हिरवी चौकट देतो आणि बाकीच्यांना बारीक करडी. एक करडी चिऊच्या गालाशी होती. आणि एक खाली, गळ्याशी. ती थरथरत होती. डोळे मिटल्याची खूण पेटत होती, विझत होती, पुन्हा पेटत होती. कोणीतरी भराभर पापण्या लववत होतं.

देवश्रीने दृश्य मोठं केलं. चांदीवरची ती बाई सोनाराने ठोकली होती तशीच होती, दोन टिंबं आणि एक रेघ. फक्त तोंडाची रेघ आता उघडी होती. त्या एवढ्याशा फटीतून काय म्हणायचं असेल ते ऐकू येत नव्हतं. देवघरात समईची वात तेवढी तडतडली.

ओरडावं, असं तिला वाटलं. दोरा तोडावा, हर्षितला हाक मारावी. पण कोणाला काय दाखवणार? बाहेर सगळं घर सुखात होतं. चिऊ हसत होती. आणि जिने तिच्याकडे एकच फोटो मागितला होता, तिला या घरात दुसरं कोणी बघणार नव्हतं.

कॅमेऱ्याच्या पाठीवर एक बारीक दांडी असते. ती सरकवली की फोकस एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नेता येतो. देवश्रीचा अंगठा दांडीवर गेला.

"डोळे नीट येतील ना?" मांडीवरच्या चिऊच्या केसांवरून हात फिरवत तिने विचारलं.

"येतील," देवश्री म्हणाली.

तिने दांडी खाली ढकलली. हिरवी चौकट त्या सुंदर चेहऱ्यावरून उतरली आणि टाकावर जाऊन बसली. वरचा चेहरा हसता हसता धूसर झाला. खालची दोन टिंबं ओली होती, आणि सरळ तिच्याकडे बघत होती.

"हललीस तरी चालेल," देवश्री अगदी हळू म्हणाली, "मी धरलंय तुला," आणि तिने बटण दाबलं.